पाची काढा

मीठ आणि पाणी एकत्र केलं की समुद्र होतो, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठीच. वीस-बावीस वर्षं मी हैदराबादेतल्या लोकांच्या दिवाणखान्यांमधले समुद्र सांभाळले. काचेच्या टाक्या, त्यात खारं पाणी, वाळू, दगड, प्रवाळ आणि मासे. आता गुडघे वाकायला तयार नाहीत म्हणून काम सोडलं. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका म्हणाल्या, "सुनंदाताई, यंदा तुम्ही लिहा. बँकवाल्यांचे अनुभव छापून छापून कंटाळा आलाय." त्यांचा कंटाळा घालवणं माझ्या हातात कितपत आहे कोण जाणे.

मी परभणीची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन अंबरपेठला आले, तोवर समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. टाक्यांचं काम सुरू करून पाच-सहा वर्षं झाली तेव्हा कुठे खऱ्या समुद्रासमोर उभी राहिले. लोक भारावून बघत होते. माझ्या मनात पहिला प्रश्न आला, एवढं पाणी बदलतं कोण? नवरा त्यावर अजून चिडवतो.

नामपल्लीला स्टेशनाच्या अंगाला खालिदभाईंचं माशांचं दुकान होतं. त्यांना पाणी तपासणारं कुणी तरी हवं होतं. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात थेंब मोजून औषध टाकायचं आणि बदललेला रंग तक्त्याशी जुळवायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी हेच केलं होतं, फक्त तिथे पाण्यात कुणाचा जीव नसायचा. आधी काही वर्षं गोड्या पाण्याच्या टाक्या केल्या, मग खालिदभाईंनी खाऱ्या पाण्यावर पाठवायला सुरुवात केली. ते मला बाजी म्हणायचे, म्हणजे ताई. तेलुगू घरांमध्ये मी सुनंदम्मा झाले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हे काम माशांचं. मासे आपले आपण पोहतात. आमचं सगळं आयुष्य जातं ते काईमागे. काई म्हणजे शेवाळ, दुकानात सगळे काईच म्हणायचे. माशाला घातलेलं खाणं उरतं, ते विरघळतं, माशाची घाण विरघळते, वरून दिवा असतोच. एवढ्यावर काई आनंदाने वाढते. आधी काचेवर तपकिरी धूळ बसल्यासारखं दिसतं, मग दगडांवर हिरवी लव येते, मग केस. प्रवाळ त्याखाली गुदमरून जातं. ओढून काढली तर चार दिवसांत परत येते. औषध ओतलं तर मरते, पण मेलेली काई कुजून पाणी आणखी बिघडवते आणि तिची बहीण दुप्पट जोमाने उगवते. उपाय एकच, तिचा खुराक तोडायचा आणि वाट बघायची. महिना, दोन महिने. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. मला फोन करणाऱ्या प्रत्येकाला रविवारपर्यंत सगळं स्वच्छ हवं असायचं, कारण रविवारी पाहुणे येणार असायचे.

बेगम बाजारात मिठाचा घाऊक व्यापार करणारे एक शेठ होते. त्यांनी आमचं समुद्री मीठ घ्यायला साफ नकार दिला. "मैं नमक बेचता हूँ और नमक खरीदूँ?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या दुकानातली गोणी टाकीत रिकामी केली. आठ दिवसांत टाकीत काई सोडून काही उरलं नाही. काई मात्र अशी तरारली की शेठ आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे. मी हात जोडून म्हटलं, शेठ, ही फार छान आहे, हिलाच ठेवा. त्यांनी खरंच ठेवली.

पण या कामात एक सुख होतं, ते सांगायला हवं. दुपारची वेळ, घर सुस्तावलेलं, पडदे ओढलेले, आणि टाकीचा निळा उजेड भिंतीवर हलतोय. मी नळीने पाणी काढत जमिनीवर बसलेली. पाणी बादलीत पडत राहतं, त्याचा एकसुरी आवाज होतो आणि हळूहळू आपण कुठे आहोत हे सुटत जातं. बाहेर हॉर्न वाजत असतात, ते फार लांबून आल्यासारखे ऐकू येतात. प्रवाळाची बोटं उघडतात, मिटतात, घाई कशाचीच नाही. कितीदा तरी बादली भरून वाहिली आणि गालिचा भिजला तेव्हा मी भानावर आले. पण त्या तंद्रीसाठी मी फुकटही काम केलं असतं, हे खालिदभाईंना कधी कळू दिलं नाही.

त्या तंद्रीतच एकदा मी हिमायतनगरच्या एका घरात जाऊन पोचले, आणि जन्माची चूक केली.

घर राजेश्वरीगारूंचं. गारू म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'राव', मानाने लावायचं. शाळेत तेलुगू शिकवून त्या निवृत्त झालेल्या. सुती साडी, कडक इस्त्री, आणि समोरच्याने शुद्ध बोलावं अशी अपेक्षा चेहऱ्यावर लिहिलेली. त्यांचे यजमान सरकारी बियाणं खात्यात अधिकारी होते. सगळे त्यांना सर म्हणत, मीही सरच म्हणायचे. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. मुलाने हौसेने चार फुटी टाकी लावली आणि वर्षभरात नोकरीसाठी परदेशी निघून गेला. हैदराबादेतल्या निम्म्या टाक्यांची हीच कहाणी असते.

या घरात मात्र ती टाकी शोभेची नव्हती. सर सकाळपासून तिच्यासमोर आरामखुर्चीत बसत. तिथे बसवलं तरच दोन घास खात. दुसरीकडे नेलं की तोंड मिटून घेत, मग ते कुणाच्या बापाला उघडता येत नसे. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की जेवण सुटलं तर नाकातून नळी घालावी लागेल. राजेश्वरीगारूंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, "इनका खाना इसी टंकी में है, समझना."

आणि सरांकडे एकच शब्द उरला होता. हरी. आजारपणानंतर बाकी सगळे शब्द गेले, हा तेवढा राहिला. टाकीकडे बघत ते मधूनच म्हणायचे, "हरी." मग राजेश्वरीगारू कुठेही असल्या तरी हातातलं काम थांबवून "हरी, हरी" म्हणत आणि डोळे मिटत. "पहले कभी मंदिर नहीं आते थे," त्या मला म्हणाल्या, "मैं अकेली जाती थी. अब देखो." ते सांगताना त्यांचा चेहरा फार सुंदर दिसला होता. एवढ्या मोठ्या आजारातून त्यांना ही एकच गोष्ट मिळाली होती.

मी गेले तेव्हा टाकीत काईने कहर केला होता. वीतभर लांबीची हिरवीगार, केसांसारखी, पंपाच्या प्रवाहात सगळी एका बाजूला झुकायची आणि परत उभी राहायची. तिच्यामधून दोन केशरी मासे कधी दिसत, कधी नाही. प्रवाळ म्हणाल तर एक बटणाएवढ्या फुलांचा तुकडा जिवंत होता.

दुसऱ्या भेटीच्या दिवशी राजेश्वरीगारू बहिणीकडे निघाल्या होत्या. दारात चपला घालता घालता त्यांनी टाकीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "पाची अंता तीसेयंडी, अम्मा."

आता माझं तेलुगू. एवढी वर्षं या शहरात राहून मला भाजी घेण्यापुरतं आणि बस चुकली एवढं सांगण्यापुरतं यायचं, बाकी सगळं दखनीवर, म्हणजे इथल्या उर्दूमिश्रित हिंदीवर, निभायचं. 'अंता' म्हणजे सगळं, हे ठाऊक होतं. 'तीसेयंडी' म्हणजे काढून टाका. राहिलं 'पाची'. मी टाकीत बघितलं. आत मोठे दगड होते, मोजले तर पाच. पाची दगड काढा! मला तर कौतुकच वाटलं, बाईंना थोडं मराठीही येतं की. मनात आलं, म्हातारी माणसं आहेत, एवढी कटकट नको झाली असेल, नुसते मासे ठेवायचे असतील.

तेलुगूत 'पाची' म्हणजे शेवाळ. बाई म्हणाल्या होत्या, शेवाळ सगळं काढा.

मी पाची दगड काढले. बटणांचा तुकडा हलक्या हाताने सोडवून आत ठेवला, मासे आत ठेवले, आणि दगड काईसकट गच्चीवर नेऊन वर्तमानपत्रावर मांडले. मे महिना होता. पहिला दगड उचलला तेव्हा सर ओरडले, "हरी!" दुसऱ्याला खुर्चीच्या हातावर डावी मूठ आपटायला लागले. मला वाटलं, माशांची काळजी करतायत. मी जवळ जाऊन म्हटलं, "सर, मासे ठीक हैं, मासे को कुछ नहीं होगा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे तीन दगड पाठ करूनच काढले.

तीन तासांनी राजेश्वरीगारू आल्या. रिकाम्या टाकीकडे बघून त्या मटकन खालीच बसल्या. "अय्यो, एमी चेशारु!" हे काय केलंत, एवढं तेलुगू मला कळलं. मी घाबरून गच्चीवर धावले आणि पाची दगड आणून परत टाकीत लावले.

पहिली चूक भाषेची होती. ही दुसरी माझी स्वतःची. टाकीतला दगड नुसता दगड नसतो, त्याच्या छिद्राछिद्रांत बारीक जीव राहतात आणि पाण्यातली घाण तेच खातात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, खालिदभाईंकडून शंभर वेळा ऐकलं होतं. तीन तास हैदराबादच्या उन्हात ठेवल्यावर आतलं काय उरणार? ते सगळं मेलेलं मी परत पाण्यात बुडवलं होतं. दुसऱ्या दिवशी टाकी दुधासारखी पांढरी झाली आणि घरभर नालीचा वास सुटला.

खालिदभाई स्वतः आले. टाकीचा वास घेतला, डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "क्या करे बाजी तुम? पत्थर नै था वो, टंकी का गुर्दा था. गुर्दा निकाल के धूप में सुखा दिए." गुर्दा म्हणजे मूत्रपिंड. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अब रोने का नक्को. पानी बदलो."

सहा दिवस मी त्या घरात होते. सकाळी येऊन मीठ कालवायचं, पाणी बदलायचं, तपासायचं, परत बदलायचं. मासे बादलीत हवेची नळी लावून ठेवले. मेलेले दगड काढून मागच्या ओट्यावरच्या टबात पाण्यात बुडवून ठेवले. दुकानातल्या जुन्या टाकीतले चार दगड खालिदभाईंनी ओल्या कापडात गुंडाळून आणून दिले, बाळ आणावं तसे. तिसऱ्या दिवशी दोघांपैकी लहान मासा मेला. मी तो वाटीत घेऊन सरांसमोर गेले, कारण लपवणं बरं दिसलं नसतं. सरांनी वाटीकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. शेजारच्या घरातलं काहीतरी असावं तशी. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी टाकी अशी झाली की काय सांगू. काच आहे की नाही कळू नये इतकं पाणी निर्मळ. पांढरी वाळू, जांभळट दगड, बटणांची फुलं पूर्ण उघडलेली, उरलेला मासा गुबगुबीत. एकही हिरवा धागा नाही. मी माझ्या चुकीचं परिमार्जन केलं, नाक वर करून चालावं असं काम केलं, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

सरांनी टाकीकडे बघणं सोडलं. त्या तीन आठवड्यांत ते पेजेवर होते, दिवसाला पाच-सहा चमचे. आम्हाला वाटलं पाणी गढूळ आहे म्हणून, माशांचा घोर लागला म्हणून. पाणी निवळलं तसं त्यांनी तेही तोंडातून बाहेर काढायला सुरुवात केली. मान वळवून भिंतीकडे बघत बसत. हरी म्हणणंही बंद झालं. गालांची हाडं वर आली होती. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत बघू, नाहीतर नळी घालू. त्या दिवशी गुरुवार होता.

राजेश्वरीगारू मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. टाकीपुढे उभ्या राहून त्या फक्त म्हणाल्या, "इतना साफ है. फिर भी नहीं देखते." मी घरी जाऊन नवऱ्यापुढे रडले. एका माणसाच्या तोंडचा घास मी माझ्या हाताने काढला होता, आणि तो परत कसा द्यायचा ते कुठल्याच नळीत थेंब टाकून कळणार नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी मागच्या ओट्यावरचा टब रिकामा करायला घेतला. मेलेले दगड टाकून द्यायचे होते. टबावर ऊन यायचं, तिकडे महिनाभर कुणी बघितलं नव्हतं. आत डोकावले तर दगडांवर हिरवं! उन्हात वाळवलेली, कुजलेली, मेलेली म्हणून फेकलेली काई चांगली चार बोटं वाढली होती. या काईबाईपुढे मी आयुष्यभर हात टेकलेत. मी चडफडत एक दगड उचलला आणि तो कचऱ्यात टाकायला दिवाणखान्यातून निघाले.

"वरी," सर म्हणाले.

आमच्या परभणीकडे 'वर' म्हणायचं झालं की 'वरी' म्हणतात. वरी ठेव, वरी बघ. ऐकल्याबरोबर, काही विचार न करता, मी दगड वर केला. डोक्याच्या वर. पाणी माझ्या दंडावरून ब्लाउजमध्ये ओघळायला लागलं. काईचे केस खाली लोंबत होते, खिडकीतला उजेड त्यातून येत होता.

सर बघत होते. भिंतीकडे वळलेली मान सरळ झाली होती. डावा हात खुर्चीवरून उचलला गेला होता आणि बोटं हवेत हळूहळू हलत होती, कशाच्या तरी माथ्यावरून हात फिरवावा तशी. "वरी," ते परत म्हणाले. मी दगड आणखी वर धरला. किती वेळ मी तशी उभी होते सांगता येत नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, पंपाचं पाणी वाजत होतं, आणि आम्ही दोघंही कुठल्या तरी एका संथ दुपारी अडकून पडलो होतो.

राजेश्वरीगारू आतून आल्या. नवऱ्याचा आवाज महिनाभराने ऐकला होता. "हरी, हरी," म्हणत त्यांनी हात जोडले.

"हरी नहीं, अम्मा," मी म्हटलं. "वरी बोल रहे हैं. ऊपर करो बोल रहे हैं. मैंने किया."

"हरी," त्या ठामपणे म्हणाल्या.

"व आहे," मी मराठीतच बोलून गेले. मग म्हटलं, "मेरी भाषा में वरी यानी ऊपर. इसलिए मुझे सुनाई दिया."

त्या सरांच्या खुर्चीजवळ गेल्या, वाकल्या, आपला कान अगदी त्यांच्या ओठांशी नेला. एखाद्या मुलाचा उच्चार तपासावा तशा थांबल्या. सरांनी दगडाकडे बघत परत तो शब्द म्हटला.

राजेश्वरीगारू सरळ झाल्या. त्यांचा हात तोंडावर गेला होता.

"वरि," त्या म्हणाल्या. "वरि पोलम." मग माझ्याकडे वळून, एकेक शब्द शोधत, "वरि, वो... धान. चावल का खेत. खड़ा हुआ."

सर गोदावरीच्या काठच्या गावचे, हे मला तेव्हा कळलं. जन्म भातशेतीतला आणि नोकरीही भाताच्या बियाण्यांची. तो माणूस दिवसभर मासे बघत नव्हता. प्रवाळ बघत नव्हता. टाकीतली ती वीतभर काई, वाऱ्यावर भात झुकावा तशी एका बाजूला झुकणारी आणि परत उभी राहणारी, तिच्याकडे तो दोन वर्षं बघत होता आणि बायकोला सांगत होता, वरि, वरि. आणि मी येऊन भर मे महिन्यात त्याचं उभं पीक उपटून गच्चीवर वाळत घातलं होतं.

मी दगड काचेच्या परातीत पाणी घालून त्यांच्यासमोर ठेवला. सरांनी डावा हात पाण्यात घातला आणि काईतून बोटं फिरवली. राजेश्वरीगारूंनी दहीभात आणला. नऊ चमचे गेले. मी दाराशी उभी राहून मोजत होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

पण राजेश्वरीगारूंकडे बघवत नव्हतं. दोन वर्षं त्या नवऱ्याच्या तोंडून देवाचं नाव ऐकत होत्या. भात भरवून झाल्यावर त्या हात धुवायला मोरीत गेल्या आणि बराच वेळ नळ नुसता वाहत होता. मी त्या घरातून आधी सरांचं शेत नेलं आणि आता बाईंचा देव नेला, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. ऐकू आलं ते बोलायचं की नाही, हे त्या क्षणी मला सुचलंच नव्हतं, तोंडातून निघून गेलं. बाहेर आल्यावर त्यांचे डोळे लाल होते. म्हणाल्या, "दो साल मैंने गलत सुना. मैं तेलुगु की टीचर." आणि एकदम हसल्या. त्या हसण्याने मला जास्त रडू आलं.

पुढचं काम धंद्याचं होतं. त्या केसाळ काईला टाकीत परत सोडलं असतं तर उरलेलं सगळं तिने गिळलं असतं. पण आमच्यात एक युक्ती असते. काई मारायची तर दुसरं चांगलं शेवाळ पाळायचं. वेगळ्या छोट्या टाकीत, त्याला स्वतःचा दिवा द्यायचा, आणि दोन्ही टाक्यांचं पाणी नळीने एकमेकांत फिरवत ठेवायचं. ते शेवाळ वाढताना पाण्यातला सगळा खुराक ओढून घेतं आणि मोठ्या टाकीतली काई उपाशी मरते. सगळे ही छोटी टाकी खालच्या कपाटात लपवतात, मोरी लपवावी तशी. मी ती वर काढली. सरांच्या डाव्या हाताशी, खुर्चीला लागून मांडली. खालिदभाईंनी एक पात्यांचं शेवाळ मिळवून दिलं, वाळूत धावणारी वेल आणि तिच्यावर ओळीने उभी हिरवी पाती. "ये क्या बाजी, बावर्चीखाना दीवानखाने में?" ते म्हणाले. मी म्हटलं, "हौ."

सोमवारी डॉक्टर आले आणि नळी न घालता गेले.

ते शेवाळ वाढलं की कापावं लागतं, नाहीतर दाटीने आतून कुजतं. तीन महिन्यांनी पाती चांगली लांब झाली, तशी मी कात्री घेऊन गेले. टाकीवर वाकले, तर सरांनी माझं मनगट धरलं. कात्री नको. त्यांनी डावा हात आत घातला, पात्यांची मूठ बुडाशी धरली, पिळून एका झटक्यात तोडली. खुर्चीवर मांडीत ठेवून एक लांब पातं त्यांनी दातात धरलं, बोटांनी मुठीभोवती फिरवलं आणि गाठ खोचली. पेंढी झाली. एका हाताने बांधलेली, वाकडी, पाणी गळणारी. ती त्यांनी राजेश्वरीगारूंपुढे धरली.

त्या स्वतः शहरात वाढलेल्या. ती कशी धरायची हेही त्यांना नीट कळेना. दोन्ही तळहातांवर घेऊन उभ्या राहिल्या, इस्त्रीच्या साडीवर खारं पाणी पडत होतं. सरांनी हात उचलून दाराच्या चौकटीकडे दाखवला. मला कळलं नाही. त्यांना कळलं. सासरी पहिल्या कापणीची लोंबी दारावर टांगायचे, चिमण्यांनी येऊन खावी म्हणून, असं त्यांनी मला मागाहून सांगितलं.

मी सांगणार होते की समुद्री शेवाळ आहे हे, दोन दिवसांत वास सुटेल, चिमण्या याला तोंडही लावणार नाहीत. तोंड उघडलंही होतं. मग मिटलं आणि जाऊन स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आले.

राजेश्वरीगारू स्टुलावर चढल्या, मी खालून दोन्ही हातांनी स्टूल धरलं. पेंढी चौकटीच्या मधोमध धरून त्यांनी मागे वळून सरांना विचारलं, "इक्कडा?" इथे?

सरांनी मान हलवली. नाही. हात थोडा डावीकडे केला.

त्यांनी पेंढी डावीकडे सरकवली आणि परत विचारलं.